बारीक नवऱ्याची कंबर कोण मोजणार?

पत्र लांबलचक होतं, थोडक्यात देते. ठाण्याहून एक ताई लिहितात: "नवरा ३९ वर्षांचा, उंची पाच फूट आठ इंच, वजन ६८. सासऱ्यांना ५१ व्या वर्षी अटॅक आला होता. मोठे दीर कॅलिफोर्नियात असतात, वय ४४, त्यांना दोन महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला. तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं की साउथ एशियन लोकांना हा धोका जास्त असतो, भावाचीही एलपी(ए) नावाची टेस्ट करून घ्या, दिरांची १६० नॅनोमोल आली. नवरा म्हणतो, माझा बीएमआय २२.८ आहे, मी काडी आहे, मला काय होतंय. जास्त बोललं तर म्हणतो, जीन्समध्येच असेल तर टेस्ट करून काय उपयोग. वर हेही ऐकवतो की जपानी लोकपण एशियनच आहेत ना, ते तर शंभर वर्षं जगतात. कंपनीच्या चेकअपमध्ये ट्रायग्लिसराइड २१२, एचडीएल ३४, एलडीएल १२८, उपाशी शुगर १०८, एचबीएवनसी ५.९ आलंय. ईसीजी नॉर्मल. सासूबाई म्हणतात आमच्याकडे सगळे असेच सडपातळ, उगाच घाबरवू नकोस. मी खरंच उगाच घाबरतेय का?"

अगं, नाही. उगाच नाही घाबरत आहेस. पण घाबरून उपयोगही नाही, त्यामुळे आधी एक चहा घे आणि मग वाच, कारण मी जरा मोठं लिहिणार आहे. तुझ्या पत्रासारखी पत्रं गेल्या वर्षभरात बरीच आली, बहुतेक सगळी बायकांचीच आणि सगळ्यांचा नवरा "काडी".

पहिल्यांदा गंमत बघ. तुझा नवरा एका तोंडाने म्हणतो मी बारीक आहे म्हणून मला होणारच नाही, आणि दुसऱ्या तोंडाने म्हणतो जीन्समध्ये असेल तर होणारच. दोन्ही एकदम कसं चालेल? दोन्हीतून त्याला एकच गोष्ट मिळते, लॅबमध्ये जायचं टाळता येतं. २६ वर्षं डोंबिवलीत दवाखाना चालवतेय, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पेशंटनी पहिलं वाक्य म्हटलं की दुसरं माझ्याच तोंडून निघतं.

आता त्या काडीचं बघू. ह्यावर सगळ्यात भारी काम आपल्या पुण्यातच झालंय, आणि ते आपल्याच लोकांना माहीत नसतं ह्याचं मला नेहमी वाईट वाटतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांनी २००४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला, शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. म्हणजे तुझ्या नवऱ्यापेक्षाही जरा कमीच. पण मशीनवर मोजलं तर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दुपटीहून जास्त. फोटोत बघून कोणालाही वाटेल दोघं सारखेच सडपातळ. ह्यालाच ते 'थिन-फॅट' म्हणतात, दिसायला बारीक पण आतून चरबी, आणि स्नायू कमी.

आणि हे ऑफिसमध्ये बसून बसून होतं असं पण पूर्ण नाही. याज्ञिकांच्याच टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. म्हणजे आपलं बाळ चांगलंच लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. आईला पिढ्यान्‌पिढ्या पोटभर नीट मिळालं नाही की पोटातलं बाळ असं काटकसरीत वाढतं, आणि मग तेच बाळ मोठं होऊन ठाण्यात एसीत बसून दिवसाला चार चहा आणि खारी खायला लागलं की ती काटकसर अंगावर येते. सासूबाईंना सांग, सगळे सडपातळ आहेत ही खरी गोष्ट आहे, पण तो तब्येतीचा दाखला नाहीये.

अजून एक आकडा देते, मग आकडे कमी करते, प्रॉमिस. अमेरिकेत 'मसाला' नावाचा अभ्यास चालू आहे, नाव मस्त आहे ना, २०१० मध्ये सुरू झाला, शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणारे आपल्याकडचे लोक त्यात आहेत, म्हणजे तुझ्या दिरांच्या गल्लीतलेच समज. त्या लोकांची तिथल्या बाकी लोकांशी तुलना केली आणि २०१७ मध्ये छापली. ज्यांचं वजन 'नॉर्मल' आहे अशांनाच फक्त घेतलं, आणि बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) यातल्या दोन किंवा जास्त गोष्टी किती जणांच्या बिघडलेल्या आहेत ते बघितलं. गोऱ्यांमध्ये २१ टक्के. आपल्यात ४३.६ टक्के. आणि गोऱ्या माणसाला बीएमआय २५ ला जितका त्रास असतो तितका आपल्याला १९.६ लाच असतो असा हिशोब निघाला. आता तुझ्या नवऱ्याचा २२.८ कुठे बसतो तो बघ. त्याच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली, शुगर काठावर, हे अगदी पुस्तकातलं आपल्या लोकांचं चित्र आहे. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ५.९ त्याच्या आत आलं. कंपनीच्या रिपोर्टवर त्याच्यापुढे काय लिहिलं होतं मला माहीत नाही, पण बहुतेक ठिकाणी शेवटी एक ओळ असते "ॲडव्हाइस: डाएट, एक्सरसाइज" आणि संपलं. असा एक चेकअप माझ्या मावसभावाने केला होता, कुठे ते सांगत नाही, त्यावर हिरवी टिक होती आणि सहा महिन्यांनी तो आयसीयूत होता. वाचला, पण हिरव्या टिकेचा राग माझा अजून गेलेला नाही.

जपान्यांचं उत्तर त्याला असं दे. 'एशियन' हा शब्द अमेरिकेतल्या फॉर्मवरचा एक चौकोन आहे, त्यात टोकियोपासून कराचीपर्यंत सगळे कोंबलेत. जपानमध्ये हार्ट अटॅक कमीच होतात, तिथे जुना त्रास स्ट्रोकचा. आपल्याकडे, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार जास्त आणि लवकर. मग एकाची आकडेवारी दुसऱ्याला कशी लावणार? आणि जपान्यांची अजून एक गोष्ट आहे जी तुझ्या नवऱ्याला आवडणार नाही. साठ-सत्तरच्या दशकात नी-हॉन-सॅन नावाचा अभ्यास झाला, जपानमधले जपानी, हवाईत गेलेले जपानी आणि सॅन फ्रान्सिस्कोकडे गेलेले जपानी. रक्त एकच. पण हृदयविकार जपानमध्ये सगळ्यात कमी, हवाईत मधे, कॅलिफोर्नियात सगळ्यात जास्त. म्हणजे जीन्स तेच ठेवून फक्त ताट आणि दिनक्रम बदलला तरी धोका बदलला. जपान्यांचं उदाहरण दिलं त्यानेच, आणि गेलं त्याच्यावरच.

आता जीन्सवाला मुद्दा, तो मी हसण्यावारी नेणार नाही कारण त्यात थोडं खरं आहे. ब्रिटनमध्ये यूके बायोबँक म्हणून प्रचंड मोठा अभ्यास आहे, त्यातले आठ हजारांवर दक्षिण आशियाई आणि साडेचार लाखांच्या आसपास युरोपीय लोक साधारण ११ वर्षं बघितले, २०२१ मध्ये छापून आलं. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराची घटना आपल्यात ६.८ टक्के लोकांना, त्यांच्यात ४.४ टक्के, आणि वय वगैरेचा फरक काढून टाकला की धोका दुप्पट. बीपी, शुगर, पोटाचा घेर वगैरे नेहमीची कारणं हिशोबात घेतली तरी सगळा फरक जुळत नाही, काहीतरी उरतं. त्या उरलेल्यात एलपी(ए) एक संशयित आहे.

पण दुसऱ्या बाजूला इंटरहार्ट नावाचा अभ्यास बघ. ५२ देश, २००४, डॉ. सलीम युसूफ ह्यांचं काम. पहिल्यांदा अटॅक आलेली हजारो माणसं आणि न आलेली तितकीच. नऊ गोष्टी निघाल्या, सिगरेट, कोलेस्टेरॉलची गडबड, बीपी, डायबेटिस, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या न खाणं, व्यायाम नसणं, आणि दारूचा एक हिशोब, ह्या नऊ मिळून ९० टक्क्यांच्या आसपास धोका समजतो, सगळ्या देशांत. आणि २००७ मध्ये त्यातले आपल्याकडचे पाच देश वेगळे काढून बघितले तर पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी, बाकीच्यांना जवळपास ५९ व्या. सहा वर्षं आधी! पण का? तर मुख्यतः ह्याच नऊ गोष्टी आपल्यात कमी वयातच सुरू होतात म्हणून. मला विचारशील तर मी असं समजते: पत्ते वाटताना आपल्याला जरा वाईट आलेत, पण डाव बऱ्यापैकी आपणच खेळतो. तुझा नवरा पत्ते न बघताच डाव टाकून मोकळा झालाय.

एलपी(ए) बद्दल नीट सांगते कारण ह्यावर व्हॉट्सॲपवर खूप काही बाही फिरतं. हा कोलेस्टेरॉलचाच एक चिकट भाऊ आहे म्हण. किती असणार ते जवळपास सगळं जन्मतःच ठरतं, तूप सोडून किंवा मॅरेथॉन धावून तो फारसा हलत नाही. म्हणूनच ही टेस्ट आयुष्यात एकदा केली तरी बहुतेकांना पुरते. दिरांचा आकडा १६०, नॅनोमोलमध्ये १२५ च्या वर म्हणजे जास्त धरतात, तेव्हा सख्ख्या भावाचा जास्त असायची शक्यता चांगलीच आहे, पण नक्की नाही, नाणेफेकीसारखं. आपल्याकडच्या लॅब कधी मिलिग्रॅममध्ये देतात, त्यात रेघ ५० ची असते, तेव्हा रिपोर्ट आला की आधी युनिट बघ, १६० शी तुलना करून उगाच खूश होऊ नका, आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर घरी कॅल्क्युलेटरवर करायला जाऊ नका, ते सरळ होत नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये आपली स्वतःची कोलेस्टेरॉलची गाइडलाइन काढली त्यात पण सगळ्यांनी एकदा तरी ही टेस्ट करावी असं आहे, तेव्हा हे काही अमेरिकेतलं फॅड नाही.

"पण जास्त आला तर करणार काय?" हा त्याचा पुढचा प्रश्न असणार. त्यासाठीची खास औषधं चाचण्यांमध्ये आहेत, पण आज हातात काय आहे, तर बाकीचे सगळे नळ घट्ट बंद करणं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, अजून खाली आणायचं, बीपी सांभाळायचं, सिगरेट शून्य. त्याच्या रिपोर्टवर एलडीएल १२८ आणि लॅबने छापलेली मर्यादा १३० असेल तर तो म्हणेल बघ नॉर्मल. ती १३० ची रेघ त्याच्यासाठी नाही गं. त्याच गाइडलाइनमध्ये कमी आणि मध्यम धोक्याच्या माणसालाच १०० च्या आत सांगितलंय, जास्त धोका असेल तर ७० च्या आत. वडिलांना ५५ च्या आधी, भावाला ४४ ला, हा घरचा इतिहास डॉक्टरांना पहिल्या मिनिटात सांगायचा असतो आणि पुरुष लोक तोच सांगायचा विसरतात. तो कुठल्या खान्यात बसतो आणि स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची, गोळी लागते का, हे समोर बसून डॉक्टर ठरवतील, मी पत्रावरून ठरवणार नाही आणि दिरांची उरलेली पट्टी तर मुळीच देऊ नकोस.

आणि ईसीजी नॉर्मल आला ह्याचा अर्थ एवढाच की त्या मिनिटाला हृदय शांत होतं. रक्तवाहिनीत आत किती साचलंय ते त्या कागदावर दिसत नाही. ते बघायला कॅल्शियम स्कोअरचा सीटी असतो, पण चाळिशीच्या आत शून्य आला तरी पूर्ण हायसं वाटून घेण्यासारखं नसतं, त्यामुळे तोही डॉक्टरांना विचारून.

आता कामाचं. कंबर मोज. पँटचा नंबर सांगेल तो, "बत्तिसची जीन्स बसते मला!" अगं सगळ्यांना बसते, कारण ते ती पोटाच्या खाली घालतात. शर्ट वर कर, सगळ्यात खालची बरगडी बोटाने शोध, कमरेचं हाड शोध, दोघांच्या बरोबर मध्यावर टेप आडवी, मागून खाली लोंबत नाही ना बघ, पोट आत ओढू द्यायचं नाही (ओढणारच, सगळे ओढतात, म्हणून त्याला काहीतरी बोलायला लाव), श्वास सोडल्यावर वाच. आपल्याकडे मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. आणि मग टेप त्याच्या हातात दे आणि स्वतःची मोजून घे. माझी ८६ निघाली होती, दवाखान्यात नर्ससमोर, तेव्हा मी हे उपदेश करतेय तो काही उंच स्टूलावर बसून नाही.

खाण्याचं मी थोडंच लिहिते कारण सगळे त्यावरच लिहितात. मसाला अभ्यासात एक गोष्ट छान निघाली होती की नुसतं शाकाहारी असणं पुरत नाही, तळलेले पदार्थ, गोड आणि साय-चीज-तूप असं जास्त खाणाऱ्यांमध्ये इन्सुलिनचा गोंधळ जास्त आणि एचडीएल कमी. फरसाणाचा डबा शाकाहारीच असतो. तुमच्याकडे संध्याकाळी साडेसहाला तो डबा कुठल्या फळीवर असतो ते मला माहीत नाही, पण फळी बदल. ताटात पोळी आणि भात दोन्ही असेल तर एक निम्मं कर आणि तेवढी उसळ वाढव. उपासाला साबुदाणा खिचडीवर वरून बटाट्याचा पापड ह्याला मी उपास म्हणत नाही, पण ते जाऊ दे, सासूबाई वाचत असतील.

व्यायाम म्हणजे त्याला वाटेल वजन कमी करायचं, तर ते नाही सांगायचं, काडी आहे तो. त्याला स्नायू हवेत. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत, आणि दोन दिवस काहीतरी जोर लावायचं, बैठका, जोर, वजनं, जे जमेल ते. जेवणानंतरची शतपावली मोबाइल घरी ठेवून, शुगर काठावर असलेल्यांना तिचा खरंच फायदा होतो.

पत्राच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं आहेस "सिगरेट ऑफिसखाली दोन-तीनच". तिथे मी थांबले होते. दोन-तीन म्हणजे 'च' लावण्यासारखी गोष्ट नाही. इंटरहार्टमध्ये दिवसाला एक ते पाच ओढणाऱ्यांचा धोका पण न ओढणाऱ्यांपेक्षा चांगलाच जास्त होता. बाकी सगळं राहू दे आणि एकच भांडण करायचं असेल तर ह्यावर कर.

पण भांडू नकोस, खरं तर. तू सांगितलंस, सासूबाईंसमोर सांगितलंस, आणि फॉरवर्ड पाठवलेस, ह्या तिन्हीने तो अजून ताठ झाला असणार. त्याच्या मनात काय असेल सांगू? वडील ५१ ला, भाऊ ४४ ला, आणि तो स्वतः ३९. त्याला गणित येतं गं. तो बेफिकीर नाहीये, घाबरलाय, आणि घाबरलेला पुरुष जपान्यांच्या गोष्टी सांगतो. तेव्हा दिरांना सांग फोन करायला, डॉक्टरी काही नाही, फक्त त्या रात्री काय झालं ते भावाने भावाला सांगायचं, तू खोलीत थांबू नकोस. आणि टेस्टला दोघं मिळून जा, शनिवारी सकाळी, "माझीपण करायचीय" म्हणून, बीपी, शुगर, लिपिड (कोलेस्टेरॉलची टेस्ट), एलपी(ए). लिपिड साठी हल्ली उपाशी जायलाच हवं असं नाही, पण त्याचं ट्रायग्लिसराइड आधीच वर आहे आणि शुगर तशीही उपाशीच करायचीय, म्हणून ह्या वेळी उपाशीच जा. नंतर बाहेर इडली खा, वडा नको.

एक शेवटचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव. छातीत दाबल्यासारखं, घाम, जबडा-खांदा-डावा हात भरून येणं, श्वास लागणं, तुला स्वतःला झालं तर कदाचित नुसती मळमळ आणि कमालीचा थकवा, तर सोडा पिऊन "गॅस आहे, सकाळी बघू" नाही. १०८ लावायचा, स्वतः गाडी चालवत जायचं नाही, आणि जिथे अँजिओप्लास्टी होते असं जवळचं हॉस्पिटल कुठलं ते आजच बघून फ्रिजवर चिकटवून ठेव. ठाण्यात घोडबंदरला संध्याकाळी सातला किती वेळ लागतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

रिपोर्ट आले की लिही. युनिटसकट.

ता.क. शिवणाच्या डब्यातली टेप जुनी असेल तर ती ताणून लांबलेली असते आणि कंबर दोन सेंटीमीटर कमी दाखवते, नवऱ्याच्या फायद्याची. मोजायच्या आधी मुलाच्या कंपासमधल्या पट्टीवर ठेवून बघ.